फाटकावरचा पहारा

किलडोरनच्या गावसमितीत कुत्र्यांच्या घाणीवर तासभर वाद चालायचा आणि मोठ्या गोष्टी चहा थंड व्हायच्या आत मंजूर व्हायच्या. इशबेल गिलँडर्सला याचा मनापासून राग यायचा. ती शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. पर्थहून लग्न करून या किनाऱ्यावर आली त्याला उभा जन्म लोटला होता, तरी गावाच्या लेखी ती बाहेरचीच. समितीवर तिला घेतलं ते ती कुणाचीच नातेवाईक नव्हती म्हणून, निदान भांडणात ती कुणाची बाजू घेणार नाही म्हणून.

जुनी दफनभूमी बंद करा, यापुढे वरच्या माळावरच्या नव्या जागेत पुरा, हा ठराव तिचाच होता, आणि तो कित्येक वर्षं पुढच्या बैठकीवर ढकलला जात होता. चर्चमागचं ते आवार अगदी समुद्राला लागून. दर हिवाळ्यात लाटा भिंतीचा एखादा तुकडा नेत. एका वादळानंतर कुणाचं तरी कुत्रं माणसाचा जबडा तोंडात धरून थेट पोस्टापर्यंत आलं होतं. त्या महिन्याच्या बैठकीतही चर्चा झाली ती कुत्र्याला साखळी का नव्हती यावर.

तिचा नवरा टॉर्किल तिला यावरून चिडवायचा. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याच्या अंगाला कायम डिझेलचा आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास असे. "मला आपलं तिथेच ठेव गं," तो म्हणायचा. "वरच्या माळावर मेंढ्यांशी काय बोलू मी?"

त्या आवाराच्या फाटकाची गोष्टही तिला त्यानेच सांगितली होती, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. तिथे जो शेवटी पुरला जातो तो फाटकावर उभा राहून पहारा देतो. पुढचा आला की त्याची सुटका होते, मग तो नवा उभा राहतो. म्हणून गावातली माणसं फाटकावरून जाताना त्याचं नाव घेऊन म्हणतात, पहारा शांत जावो.

"आणि बरेच दिवस कुणी मेलंच नाही तर?" तिने विचारलं होतं.

"मग राहतो बिचारा उभा. पावसात." आणि टॉर्किल पोट धरून हसला होता.

फेब्रुवारीत तो गेला. त्याच आठवड्यात डोलिना मॅकफीचा भाऊ लॅखलनही गेला. घाटात बर्फ होतं, पाद्री एकदाच येऊ शकणार होता, त्यामुळे दोघांनाही एकाच दिवशी न्यायचं ठरलं. दोन्ही शवपेट्या फाटकाशी एकदमच पोचल्या. लॅखलनची माणसं जवळजवळ पळत होती. ऐंशी ओलांडलेली डोलिना काठी टेकत, धापा टाकत त्यांच्या पुढे. इशबेलला ते बघवेना. दुःखात कसली शर्यत? तिने हात वर करून आपल्या माणसांना थांबवलं.

"जाऊ द्या त्यांना आधी," ती म्हणाली.

टॉर्किलची पेटी खांद्यावर घेतलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. डोलिनाने जाता जाता तिच्याकडे वळून पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. इशबेलला वाटलं, म्हातारीला भरून आलं असेल.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन फाटकावरून सायकल नेताना टोपी काढून म्हणाला, "पहारा शांत जावो, टॉर्किल." ते ऐकून इशबेलला बरं वाटलं. कुणीतरी त्याचं नाव घेत होतं.

मार्च लागला. टॉर्किलचे कामाचे बूट अजून मागच्या दाराशी होते. तिच्याने ते उचलवले नव्हते. एका सकाळी ती किटली भरायला आली तर बूट ओले दिसले. वर छतही गळत नव्हतं, दारही लागलेलं होतं. डाव्या बुटाच्या टाचेला गवताची काडी चिकटली होती. तिने बूट पुसून वर्तमानपत्रावर ठेवले. दुसऱ्या सकाळी वर्तमानपत्र भिजलेलं होतं.

शिक्षिकेने करावं तेच तिने केलं. बुटांभोवती जमिनीवर मैदा भुरभुरवला. सकाळी मैद्यावर एक रेघ नव्हती, आणि बुटांतून पाणी निथळत होतं. मग तिने ते कपाटात घालून किल्ली उशीखाली ठेवली. सकाळी कपाटाच्या फटीतून खारट, थंड वास येत होता. दार उघडलं तेव्हा त्यात डिझेलचा आणि पेपरमिंटचा वास मिसळलेला होता. ती तिथेच जमिनीवर बसली आणि खूप दिवसांनी मोठ्याने रडली.

त्यानंतर ती फाटकाशी गेली. फाटकाच्या आत, उजव्या खांबाला लागून, गवत चेपून चिखल झाला होता. मेंढ्या, ती स्वतःला म्हणाली. पण मेंढ्या एकाच जागी दोन पावलांएवढी जमीन तुडवत नाहीत. डावीकडचा खळगा उथळ होता. टॉर्किलचा डावा गुडघा बोटीच्या इंजिनाखाली सापडून अधू झाला होता. त्या पायावर त्याला फार वेळ भार टाकता येत नसे. चर्चच्या जेवणाच्या रांगेतसुद्धा तो खुर्ची मागायचा.

तिने फाटकाची कडी धरली. वारा बोचरा होता आणि लोखंड कोमट होतं.

पेटी उकरून वरच्या माळावर हलवता येईल का, असं तिने समितीचा अध्यक्ष हेक्टर याला विचारून पाहिलं. गॅरेजवाला हेक्टर कधीकाळी तिच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा.

"समुद्र कबरीपर्यंत पोचल्याशिवाय परवानगी नाही, बाई," तो म्हणाला. "आणि टॉर्किलची जागा तर एकदम आतली. आपण कुणीच ते बघायला उरणार नाही." मग त्याने विचारलं, "का, बूट ओले होतायत का?"

उत्तराची वाट न बघता तो पाना घेऊन गाडीखाली सरकला.

डोलिनाला त्या महिन्यात छातीचा त्रास झाला. इशबेल तिला बार्लीचं सूप घेऊन जाऊ लागली. शेजारधर्म म्हणून जातेय असं ती स्वतःला सांगत होती. पण तिथे बसल्यावर आपण म्हातारीचा खोकला कान देऊन ऐकतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला स्वतःची शिसारी आली. डोलिनाची जागा भावाच्या शेजारी होती. ठराव पास होण्याआधी ती गेली असती तर टॉर्किल सुटला असता.

"सूप छान झालंय," डोलिना म्हणाली. "मीठ जरा कमी."

"छातीत दुखतं का अजून?"

"किती आशेने विचारतेस गं."

इशबेलचा चेहरा तापला.

"लाजू नकोस. तुझ्या जागी मी असते तर सुपात काहीतरी घातलं असतं." डोलिनाने वाडगा चाटूनपुसून रिकामा केला. "पण माझी आशा सोड. मी माळावरची जागा घेतलीय. पहिली रांग, बसथांब्यासमोर. येणारे-जाणारे दिसतील. जुनी जागा देऊन टाकली. सगळ्यांनीच दिली."

"सगळ्यांनी?"

"तू नाही दिलीस. टॉर्किलच्या शेजारची."

कोळशाची शेगडी धुमसत होती. डोलिनाने शाल ओढून घेतली.

"त्या दिवशी तू आमच्या लॅखीला पुढे जाऊ दिलंस. आम्ही विसरलो नाही ते. मंगळवारच्या बैठकीत मी तुझ्यासाठी काहीतरी मांडणार आहे."

त्याच संध्याकाळी डंडी शहरातून मुलीचा, मार्सेलीचा, फोन आला. तिने आईसाठी खोली रंगवून घेतली होती. खिडकीतून नदी दिसते, खाली पक्का रस्ता आहे, बेकरी आहे. इशबेलने तिथल्या फुटपाथवर चालायला म्हणून नवे तपकिरी बूट मागवलेही होते; ते खोक्यातच होते. तिला जायचं होतं. या घरात प्रत्येक सकाळी ओले बूट पुसत तिला राहायचं नव्हतं.

"आई, कधी येतेस मग?"

"बैठक होऊ दे," इशबेल म्हणाली.

बैठकीला सगळे आले होते. आधी कुत्र्यांचा विषय झाला. मग हेक्टरने घसा साफ केला. "बाई, तुमचा ठराव. लागला एकदाचा मार्गी. महिनाअखेर जुनं आवार बंद."

"एक दुरुस्ती," डोलिना काठीवर भार देत उठली. "ज्यांची जागा अजून त्यांच्या नावावर आहे, त्यांना तिथे पुरता यावं. मग ते केव्हाही जावोत. त्यानंतर फाटकाला कायमचं कुलूप."

चहाचं मोठं भांडं कोपऱ्यात खदखदत होतं. एकेक करत हात वर झाले. आयुष्यात कधी एकमत न झालेली ती माणसं, आणि सगळ्यांचे हात वर.

"बाई?" हेक्टर हळूच म्हणाला. "एकमताने झालं तर बरं."

तिने एकेकाकडे पाहिलं. तिच्याकडे कुणीच पाहत नव्हतं. सगळे आपापल्या कपात बघत होते. आता तिला सगळं नीट दिसलं. दुरुस्ती पडली तर टॉर्किल कायमचा त्या खांबाशी. झाली तर तो सुटेल, ती गेली की. मग तिच्यामागून कुणीही येणार नाही. आणि ती डंडीत मेली आणि मुलीने तिला तिथेच पुरलं, तरी तो उभाच.

"असंच सोडून देता येणार नाही का ते फाटक?" तिने विचारलं. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

"रिकामं?" हेक्टर म्हणाला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

"त्याचा गुडघा, इशबेल," डोलिना म्हणाली. "किती दिवस उभा करणार आहेस त्याला?"

इशबेलने हात वर केला.

टाळ्या वाजल्या नाहीत. कुणीतरी तिच्यासमोर गोड बिस्किटांची बशी सरकवली, पहिल्यांदा तिच्यासमोर. "आता तू आमची झालीस," पलीकडच्या टोकाला कुणीसं म्हणालं.

दुसऱ्या सकाळी टॉर्किलचे बूट कोरडे होते.

त्यानंतरच्या सकाळीही. कातडं कडक झालं, घड्यांत धूळ बसली. तिने ते नाकाशी नेले; नुसत्या जुन्या चामड्याचा वास. तिला इतकं हलकं वाटलं की ती स्वयंपाकघरात एकटीच हसली. तो बसला असेल कुठेतरी, ती म्हणाली. पाय लांब करून.

मग तिला आठवलं की अजून कुणीच मेलेलं नाही.

दुपारी ती पाव आणायला निघाली. फाटकाशी डोलिना भेटली. खोकला गेला होता, गालांवर रंग होता. तिने काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने डोक्यावरचा रुमाल मागे सारला आणि इशबेलच्या डोळ्यांत न बघता म्हणाली,

"पहारा शांत जावो, इशबेल."

"मी जिवंत आहे, डोलिना. पाव आणायला चाललेय."

"हो, दिसतंय ना." डोलिना पुढे चालू लागली. "आण की. लवकर परत ये म्हणजे झालं."

इशबेल पावाविना घरी आली. तिने मुलीला फोन लावला. "उद्याच्या बसने येते," ती म्हणाली. "कायमची नाही. थोडे दिवस." मार्सेली इतकी खूश झाली की इशबेलला पुढे काही सांगवेना.

सकाळी ती लवकर उठली. बॅग दाराशी होती. खाली उतरून तिने नव्या बुटांचं खोकं मांडीवर घेतलं. दुकानदाराने बांधलेली सुतळी तशीच होती. ती गाठ तिने कात्रीने कापली.

आतला पातळ कागद भिजून लगदा झाला होता.

तिने एक बूट उचलला. टाच झिजलेली होती, तळव्याला गवत होतं.

बाहेर बस येऊन थांबली. ड्रायव्हरने एकदा भोंगा वाजवला, वाट पाहिली, आणि बस गेली.

तिने बुटात हात घातला. आत ऊब होती.