सात कोअर सुट्टीवर

मी ऑफिसच्या खालच्या मजल्यावर, कॉम्प्युटर विभागात गेले होते ती फक्त एक दमदार डेस्कटॉप मागायला. माझ्या कामापुढे लॅपटॉपनं केव्हाच मान टाकली होती. दार उघडलं, तर खोलीत एकटाच एक चष्मेवाला, हातात एकच खुर्ची घेऊन उभा.

"ही तुम्हाला, की मला?" त्यानं विचारलं.

"दोघांना नाही चालणार?" मी बोलून गेले… आणि कानापर्यंत लाल झाले.

माझं काम तसं साधं होतं, म्हणजे सांगायला. खरं नेटवर्क न उभारता संगणकातच त्याची नक्कल चालवणारं एक सॉफ्टवेअर असतं. मिळतं मोफत, पण सोर्स कोडच्या रूपात. आपल्या मशीनवर आपणच ते कम्पाइल करायचं, म्हणजे त्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवून घ्यायचा. तिथंच माझं घोडं अडलं होतं. कधी त्याला लागणारी एखादी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, सापडायची नाही, सापडली तर जुनी निघायची. तो रोज शेजारी बसून एकेक गाठ सोडवायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. त्याची बाही माझ्या बाहीला लागायची, आणि मी उगाचच स्क्रीनकडे फार लक्ष द्यायचे.

घरी ताई विचारायची, "त्या कॉम्प्युटरला घरी कधी आणतेस?"

आज एकदाचं सगळं जमलं. कम्पाइलची कमांड त्यानंच दिली. ओळी सरकू लागल्या, तशी मला आनंदाऐवजी धाकधूकच वाटायला लागली. हे तयार झालं की पुढचं काम वरच्या मजल्यावरून, माझ्या लॅपटॉपवरूनच या मशीनला जोडून करता येणार होतं. खाली यायला निमित्तच उरणार नव्हतं.

"मग… उद्यापासून वरच?"

"हो, वरच."

"म्हणजे मी कामापुरता मामा."

"मामा तर मी तुला मुळीच म्हणणार नाही."

तो हसला.

टक्के मुंगीच्या पावलांनी चढत होते. एवढं मशीन, आणि ही चाल? मी दुसरी विंडो उघडून पाहिली. प्रोसेसरच्या आठ कोअरपैकी, म्हणजे एकाच वेळी काम करू शकणाऱ्या आठ गड्यांपैकी, एकटाच राबत होता.

"बाकीचे सात सुट्टीवर आहेत का रे?"

"असतील… कधीकधी—"

"कमांड तू दिलीस."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सगळे लावले असते तर चहा संपायच्या आत झालं असतं. मग तू गेली असतीस." आवाज खाली आला. "तू जाऊ नयेस, असं वाटतं मला."

इतकं बरं वाटलं की हसू आवरेना. तरी मी कम्पाइल थांबवलं, कमांडमध्ये एका कोअरच्या जागी आठ टाकले आणि पुन्हा चालू केलं. पंखा घरघरला, ओळी भराभर पळायला लागल्या. त्याचा चेहरा उतरला.

"एवढी घाई आहे?"

"आहेच. हे संपलं की सगळी संध्याकाळ आपली. मला तू आवडतोस, वेड्या — त्यासाठी मशीनला कशाला ताटकळत ठेवायचं?"

तो घाईनं स्क्रीनकडे वळला.

"आठच आहेत याला," तो हळहळत म्हणाला. "सोळा तरी हवे होते."