यादीत नसलेल्या फाइली

आमच्या हॉस्पिटलचे सगळे स्कॅन क्लाउडवरच्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये राहतात. नाव भारदस्त असलं तरी प्रकार साधा आहे. तिथे कपाटं नाहीत, खण नाहीत. एकच अफाट खोली आणि प्रत्येक फाइलला एक लांबलचक नाव: पेशंटचा नंबर, तारीख, तपासणी. पूर्ण नाव सांगा, फाइल हातात. अशा नऊ कोटी फाइलींची राखण माझ्याकडे होती.

त्या मंगळवारी चाचणीपुरत्या बनवलेल्या खोट्या फाइली पुसायला मी एक नियम लिहिला. कोणत्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइली पुसायच्या, तो रकाना भरायचा माझ्याकडून राहिला. रकाना रिकामा असला की नियम सगळ्यांनाच लागतो. हे मी स्वतः तीन नव्या लोकांना शिकवलेलं आहे!

बुधवारी सकाळी यादी उघडली. एकूण फाइली: शून्य. दुसऱ्या शहरात ठेवलेली प्रतही त्याच नियमाने धुऊन निघाली होती.

तेवढ्यात दादाचा फोन आला. आईबाबा गेल्यापासून आम्ही दोघंच. त्याच्या डोक्यात एक गाठ होती. ती वाढतेय की पाच वर्षं आहे तेवढीच आहे, यावर ऑपरेशन ठरणार होतं.

"छोटे, डॉक्टर माझे जुने फोटो मागतायत. दुपारपर्यंत हवेत म्हणे."

"पाठवते," मी म्हणाले.

"आवाज का असा? गाठ माझ्या डोक्यात आहे, तुझ्या नाही."

फोन ठेवला आणि नुसतं बसवेना म्हणून त्याच्या पाच वर्षांपूर्वीच्या स्कॅनचं पूर्ण नाव टाइप केलं. फाइल आली. उघडली. दादाचंच डोकं, स्वच्छ, एकही रेघ इकडची तिकडे नाही. यादी मात्र शून्यच दाखवत होती. फाइल तिथे कधी ठेवली गेली ती वेळ पाहिली. मी मागितली तोच सेकंद होता.

साहेबांना बोलावलं. त्यांनी तीनदा यादी मोजायला लावली आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"कुठून येतंय हे?"

"माहीत नाही."

"मग विचारू नकोस. मागत राहा."

हॉस्पिटलच्या नोंदींतून नावं काढून आम्ही तीन दिवस मागत राहिलो. येईल ती फाइल नव्या जागी ठेवत गेलो. नऊ कोटींत एकही नकार नाही. मी मधूनच स्क्रीनला हात जोडायचे. पहिल्या दिवशी साहेब हसले. तिसऱ्या दिवशी त्यांनीही जोडले.

दादाची गाठ वाढत होती. ऑपरेशन झालं, नीट झालं. दहा दिवसांनी घरी सोडताना पुन्हा स्कॅन केला आणि सर्जन म्हणाले, "जुने फोटो नसते तर मी थांबलो असतो. ते फार महागात पडलं असतं. आता दरवर्षी याच तारखेला एकदा बघू."

मी जिन्यात बसून मनसोक्त रडले. आभार कोणाचे मानायचे ते कळत नव्हतं, तरी मानले.

दुपारी तो स्कॅन डोळे भरून पाहावा म्हणून कामावर आले. सवयीने जुनीच जागा उघडली आणि घाईत वर्षाचा आकडा एकाने पुढचा पडला.

फाइल आली.

हाड जुळून आलेलं. गाठीचा मागमूस नाही. कोपऱ्यात दादाचं नाव, एका वर्षाने वाढलेलं वय आणि हॉस्पिटलची नेहमीची नोंद, ‘सोबत आलेले नातेवाईक: बहीण’.

खोटं कशाला सांगू, भीतीपेक्षा आनंदच जास्त होता. पुढचं वर्ष मागितलं. आलं. गाठ नाही.

त्याच्या पुढचं. गाठ नाही.

एकेक करत सव्वीस वर्षं मागितली. सगळी आली. सत्तरीतला दादा ठणठणीत होता.

"फार उपकार झाले," मी मोठ्याने म्हणाले.

मग पहिल्यापासून सगळे कोपरे नीट वाचले.

दोन वर्षं ‘बहीण’. तिसऱ्या वर्षापासून शेवटपर्यंत, ‘कोणी नाही’.