विमलाची खूण

मुलुंडला, स्टेशनपासून बरंच आत, टेकडीच्या अंगाला एक जुनी इमारत आहे. तिच्या दुसऱ्या माळ्यावर धाकू पेडणेकर राहतो. ही गोष्ट त्याच्या घरची, आणि रात्रीची नव्हे. भर दुपारची. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, टळटळीत दुपार रात्रीपेक्षा वाईट.

एप्रिल महिना. दुसऱ्या दिवशी धाकूच्या बायकोचं, विमलाचं, वर्षश्राद्ध होतं. मुलगा सुयोग बोरिवलीहून सकाळीच आला. टीव्ही नवा घेतला होता आणि त्याला जुना डबा जोडता येत नव्हता, म्हणून तो नवा डबा घेऊन आला होता.

डबा म्हणजे काय ते सांगतो. मालिका, नाटकं, घरातली लग्नकार्यं, जे साठवून ठेवाल ते हा टीव्हीवर दाखवतो. बघता बघता माणूस मध्येच उठला तर कुठे उठला तेही लक्षात ठेवतो, ज्याचं त्याच्या नावाने. विमला त्याला खूण म्हणायची. पोथीत मोरपीस ठेवतात तशी.

"बाबा, सगळं नव्याने भरू का?" सुयोगने विचारलं. "अर्ध्या तासात होईल."

"आणि आईची खूण?"

"ती जाईल."

"मग नको. जशी आहे तशी आण. एक आकडा इकडचा तिकडे होता कामा नये."

"एवढं काय आहे हो त्यात?"

"सांगितलं तेवढं कर."

सुयोग हसला. "वॉचमनची नोकरी सोडून सात वर्षं झाली, पण हुकूम तसाच." तो जमिनीवर मांडी घालून लॅपटॉप उघडू लागला.

धाकूला ती खूण का हवी होती, ते सुयोगला ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं.

गेल्या वर्षी विमलाच्या दहाव्याला कावळा शिवेना. पिंड मांडून दीड तास झाला. कावळे पत्र्यावर रांगेने बसले होते, एक खाली उतरेना. ज्याला जे सुचलं ते त्याने कबूल केलं. सुयोग म्हणाला, आई, बाबांना मी बघीन. विमलाची बहीण जयंती धाकूच्या कानाशी येऊन म्हणाली, "भावोजी, श्वेताला घरात घेईन म्हणा. तिचा जीव पोरीत अडकलाय."

श्वेता धाकूची मुलगी. नऊ वर्षांपूर्वी तिने घाटकोपरच्या हर्षद नावाच्या गुजराती मुलाशी लग्न केलं. धाकूने तेव्हा चार माणसांत शब्द दिला होता, हे लग्न मी डोळ्यांनी बघणार नाही आणि माझ्या घरातलं कोणी बघणार नाही. लग्नाच्या दिवशी सुयोग त्याला न जुमानता गेला. विमला नवी साडी नेसून, केसांत गावाहून आलेल्या सुरंगीचा वळेसर माळून तयार झाली, तेव्हा धाकू कामाचे कपडे चढवून बाहेर पडला आणि त्याने दाराला बाहेरून कडी घातली. संध्याकाळी येऊन काढली. विमला दाराशीच बसली होती. वळेसर सुकला होता. ती एक शब्द बोलली नाही. पुढे आठ वर्षं त्याविषयी बोलली नाही.

तर जयंतीचं म्हणणं धाकूने ऐकलं आणि मान फिरवली. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले. दर्भाचा कावळा म्हणजे गावभर बोभाटा, की हिची इच्छा नवऱ्याने पुरी केली नाही. धाकूला ते सोसलं नाही. त्याला आठवलं, विमला रोज दुपारी टीव्हीवर दशावतार लावून बसायची. निदान सांगायची तरी तसं. तो पिंडाकडे वाकला आणि हळूच म्हणाला, "तुझं बघायचं अर्धं राहिलंय, ते मी बघून पुरं करीन."

तो मागे सरतो न सरतो तोच पंख फडफडले. कावळा शिवला.

सोपा शब्द दिला असं त्याला वाटलं. संध्याकाळी त्याने सुयोगला विचारलं, आई कुठला दशावतार बघत होती रे? सुयोगने डबा लावला. दशावतार एकदाही लागलेला नव्हता. विमलाच्या नावावर एकच गोष्ट अर्धी होती. श्वेताचं लग्न. सुयोगनेच ते त्यात भरून दिलं होतं. एक तास, बारा मिनिटं, चाळीस सेकंद. तिथे खूण.

धाकू दोन शब्दांत अडकला. एक जित्यांना दिलेला, एक मेलेलीला. त्याच रात्री त्याने डब्याची वायर काढून ट्रंकेत टाकली, ट्रंकेला कुलूप लावलं, डबा विमलाच्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर ठेवला. वर्षभर रोज उद्या उद्या केलं. आता उद्या वर्षश्राद्ध होतं. परत पिंड मांडायचा होता. शब्द पाळायला हातात एक दुपार उरली होती.

"बाबा," सुयोग म्हणाला. आवाज बदलला होता. "हा डबा मध्ये कोणी लावला होता?"

"कोण लावणार? कपाटावर होता."

"वायर?"

धाकूने करगोट्याची किल्ली वर करून दाखवली. "ट्रंकेत होती. दहाव्यापासून. आज सकाळी तुला काढून दिली तेवढीच."

सुयोगने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. धाकूला इंग्रजी येत नाही, आकडे येतात. एकाखाली एक ओळी होत्या. तारीख, वेळ, कुठून सुरू, कुठे बंद. दहाव्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढे. एक दिवस सुटलेला नव्हता. वेळ प्रत्येक ठिकाणी दुपारी दोन दहा. सुरू, एक बारा चाळीस. बंद, एक बारा चाळीस.

"तीनशे त्रेचाळीस," सुयोग म्हणाला. "सगळ्या आईच्या नावावर. शेवटची कालची."

पंखा गरगरत होता. समोरच्या बिऱ्हाडातली प्रेमा दारात बसून कोळंबी सोलत होती, ती ताटात टाकल्याचा बारीक आवाज येत होता.

"डब्याचं घड्याळ बिघडलं असेल," धाकू म्हणाला.

"घड्याळ बिघडलं तर वेळ चुकेल, बाबा. विजेशिवाय ओळ कशी पडेल…" त्याने ओठ पुसले. "आणि पुढे का सरकत नाही? रोज उघडायचं आणि एक सेकंदही बघायचं नाही? मी हे पुसतो. नवीन घेऊ सगळं."

"हात लावू नको."

"अहो, पण…"

"तिच्या ओळी तिच्या आहेत. सगळ्या आण."

सुयोगने आणल्या. नव्या डब्याने जुन्याचं सगळं उचललं, आईचं नाव, तिच्या ओळी, तिची खूण. वीस मिनिटं गेली. पावणेदोन झाले.

"आता तू खाली जा," धाकू म्हणाला. "केळीची पानं आण, दर्भ आण. तास-दोन तास येऊ नको."

"तुम्ही एकटेच बसणार?"

"कोणाच्या समोर बसून बघायची सवय नाही मला."

सुयोग दारात घुटमळला. "फोन जवळ ठेवा." त्याने दार ओढून घेतलं. त्याची पावलं जिन्यावर उतरत गेली.

धाकू खाटेवर बसला. रिमोटवर कुठलं बटण दाबायचं ते सुयोगने दाखवून ठेवलं होतं. समोर पडद्यावर आई हे विमलाचं नाव, खाली लग्नाचं चित्र, त्याखाली आकडा. भिंतीवरच्या घड्याळात दोनला पाच होते, मग दोन, मग दोनवर आठ झाले. बाहेर उन्हाने सगळं गप्प झालं होतं. एक कावळासुद्धा ओरडत नव्हता.

दोन दहाला त्याने बटण दाबलं.

पडदा उजळला आणि पहिल्याच चित्रावर थांबला. धाकूला वाटलं लग्नमंडप दिसेल, मुलगी दिसेल. तसं काही नव्हतं. कॅमेरा हॉलच्या उघड्या दाराकडे वळलेला होता. दोन बायका आत येत होत्या. त्यांच्या मधल्या फटीतून बाहेरचा रस्ता दिसत होता, रस्त्यापलीकडे बसथांबा. थांब्यावर वॉचमनच्या खाकी कपड्यातला एक माणूस उभा होता. टोपी काढून हातात धरलेली. तो सरळ हॉलच्या आत बघत होता.

धाकूच्या हातातला रिमोट खाली पडला.

त्या दिवशी धाकू कामावर गेला असं सगळं घर समजत होतं. कामावर तो गेला नव्हता. बायकोला कडी घालून तो घाटकोपरची बस पकडून गेला होता. थांब्यावर तास-दीड तास उभा राहिला. मंडपात मुलगी लाल साडीत दिसली, एवढीशी. तो परतला. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. देवासमोरसुद्धा नाही.

विमलाला ते माहीत होतं. रोज दुपारी तो झोपला की ती हे चित्र लावायची. नवऱ्याने आपल्याला कोंडलं आणि स्वतः जाऊन बघितलं. इथे ती थांबायची. पुढे जायची नाही. तिथेच तिने खूण ठेवली होती. आणि रोज चार वाजता ती त्याला चहा देत होती.

त्याने रिमोट उचलला. बटण दाबलं. चित्र हललं नाही. परत दाबलं. आकडा एक बारा चाळीसवरच. तेवढ्यात खोलीत वास आला. मुलुंडात सुरंगी कुठली. पण वास सुरंगीचाच होता, आणि ताज्या फुलांचा नव्हे. दिवसभर केसांत राहून सुकलेल्या वळेसराचा, त्याला घामाचा आणि खोबरेलाचा वास मिसळलेला. दाराकडून येत होता. दाराशी, जमिनीजवळ. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर.

धाकूने तिकडे बघितलं नाही. त्याची मान वळेना.

"विमला…" तो म्हणाला.

वास तिथेच राहिला.

"गेलो होतो मी," धाकू म्हणाला. "तुला कोंडून… मी गेलो होतो. बघितलं मी तिला."

पडद्यावरचा आकडा हलला. एक बारा एक्केचाळीस. बायका आत आल्या, सनई सुरू झाली, खाकी माणूस फटीतून नाहीसा झाला. त्याच क्षणी दाराबाहेर खट्ट झालं. तो आवाज धाकूला अनोळखी नव्हता. जगात फक्त तोच त्या कडीला तसा हिसका द्यायचा.

तो जागचा उठला नाही. लग्न शेवटपर्यंत चाललं. पाठवणीच्या वेळी श्वेता गाडीत बसता बसता थांबली आणि तिने दोनदा मागे वळून बघितलं. कोणाला शोधत होती ते धाकूला कळलं. पडदा काळा झाला तेव्हा वास गेला होता.

तो दाराशी गेला. दार उघडेना.

त्याने थाप मारली नाही. लाज वाटली. तो तिथेच, दाराला पाठ लावून जमिनीवर बसला. कडी बाहेरून घातली की आत बसलेल्या माणसाला दुपार केवढी लांब होते, ते त्याला तेव्हा समजलं.

चारच्या सुमाराला सुयोग आला. कडी काढून आत शिरला, बाप दारातच बसलेला.

"बाबा, कडी कोणी घातली? मी तर नुसतं ओढलं होतं." तो वळला. "प्रेमाकाकी, इथे कोण आलं होतं?"

"कोण नाय रे," प्रेमा म्हणाली. "मी दुपारपासून इथून हललेली नाय. मांजर नाय आलं."

"श्वेताला फोन लाव," धाकू म्हणाला.

सुयोगने हातातली पानं खाली ठेवली.

"लाव म्हणतो ना. म्हणावं उद्या सकाळी ये. जावयालापण आण. पिंड तुझ्या हातून ठेवायचाय."

श्वेता आली. उंबऱ्यावर थांबली, मग आत आली. बापलेकीत फार बोलणं झालं नाही, त्या घरात तशी रीतच नाही. धाकू एवढंच म्हणाला, "लाल साडी चांगली होती." ती चमकली. काही विचारणार होती, तोवर भटजींनी हाक मारली. तिने पिंड ठेवून हात मागे घेतला न घेतला तोच कावळा शिवला.

जेवणं झाल्यावर धाकूने सुताराला बोलावून बाहेरची कडी उखडून टाकायला लावली. लाकडात चार भोकं राहिली.

संध्याकाळी सुयोगने नवा डबा लावून बघितला. आईच्या नावापुढे खूण नव्हती. लग्न पूर्ण बघून झालं होतं. त्या दिवशी दोन दहाला ओळ पडली नव्हती. सुयोगने सुटकेचा श्वास टाकला, आणि मग तो पुढे वाकला.

"बाबा, तुमचं नाव तुम्ही घातलंत यात?"

"मला येतं का ते?"

आईच्या नावाशेजारी आणखी एक नाव होतं. बाबा. त्याच्याखाली लग्नाचंच चित्र. खूण, एक बारा चाळीस. सुयोगने ओळी उघडल्या. ओळ एकच होती. सुरू, एक बारा चाळीस. बंद, एक बारा चाळीस. वेळ दुपारी दोन दहा.

"नव्या डब्याचं घड्याळपण चुकलेलं दिसतं," सुयोग घाईघाईने म्हणाला. "अजून न आलेली तारीख दाखवतोय. पुसतो मी."

"थांब," धाकू म्हणाला.

त्याने चष्मा लावला, टीव्हीजवळ गेला, आणि बोट ठेवून आकडे नीट वाचले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन पानं उलटायला लागला. मे गेला. जून गेला.

जुलैवर तो थांबला, आणि त्या तारखेपासून बोटांवर दहा दिवस मागे मोजू लागला.