दादाचा डावा गाल

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला पटवायचं नाहीये. पण ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा भाऊ आहे, आणि सांगताना आत्ताही माझ्या अंगावर काटा येतोय.

रविवार होता. दुपारचे पावणेतीन. हॉस्पिटलच्या तळघरातल्या माझ्या खोलीत मी एकटीच होते.

हॉस्पिटलात मला सगळे 'कवटीवाली' म्हणतात. पेशंटचा स्कॅन आला की मी थ्रीडी प्रिंटरवर त्याच्या कवटीचं मॉडेल काढते. सर्जन त्या मॉडेलवर धातूची पट्टी आधीच वाकवून ठेवतात, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी अंदाजपंचे काही करावं लागत नाही.

त्या दिवशी मशीनवर माझ्या दादाची कवटी होती.

त्याची स्कूटर भिंतीवर आदळली होती. डाव्या गालाचं आणि डोळ्याखालचं हाड, दोन्हींचा चुरा. पट्टी केसभर जरी चुकली तरी त्याला जन्मभर एकाचे दोन दिसणार होते. आणि दादा घड्याळं दुरुस्त करतो! तेवढं एकच काम येतं त्याला.

अशा वेळी आम्ही चांगली बाजू आरशात दिसते तशी उलटी करतो आणि तुटलेल्या बाजूला बसवतो. मी तेच केलं होतं. स्क्रीनवर दोन्ही गाल अगदी सारखे.

मशीन थांबलं.

खोली एकदम शांत झाली...

मी मॉडेल उचललं. डाव्या कानशिलात खड्डा होता. आत दबलेला... अंगठा मावेल एवढा.

मॉडेल टेबलावर ठेवून फाइल पाहिली. खड्डा नाही. स्कॅन पाहिला. त्यातही नाही!

"मेल्या मशीनला आजच मुहूर्त सापडला," मी चरफडले.

टक्...

मागे वळले. खालचा जबडा मी वेगळा छापून सिंकजवळ वाळत ठेवला होता.

तो आता कवटीखाली होता. दातावर दात, घट्ट मिटलेला.

कशीबशी ती कवटी टॉवेलात गुंडाळली आणि तडक वॉर्डात दादाकडे गेले.

"दादा, तुझ्या कानशिलाला काही लागलं होतं का रे?"

त्याने कवटी पाहिली आणि पांढराफटक पडला.

"हे... माझं नाही."

"तुझंच आहे. वेड्यासारखं काय बोलतोस?"

"तो मध्येच आला गं, चिमे. माझी स्कूटर त्याला... तो डोक्यावर पडला. मी थांबलो नाही. पळालो. म्हणून तर भिंतीवर गेलो."

आम्हाला त्याने सांगितलं होतं, रस्त्यावर कुणीच नव्हतं.

मी पोलीस चौकीत फोन लावला. अपघाताच्या जागी कुणी सापडलं नव्हतं. रक्ताचा थेंबसुद्धा नाही.

सर्जनबाई म्हणाल्या, "मशीन बिघडलं असेल. पुन्हा काढ. उद्या आठला सुरू करायचंय."

पुन्हा काढलं. या वेळी कानशील गुळगुळीत. मला इतकं हुश्श झालं की मी फक्त कानशीलच तपासलं. गाल मोजलाच नाही. दहा वर्षं हे काम करतेय, अशी चूक कधी केली नव्हती.

ऑपरेशन छान झालं. दादाला एकाचं एकच दिसतं.

सूज उतरली, तेव्हा आई त्याच्या तोंडावरून हात फिरवता फिरवता थांबली.

"हा कुणाचा गाल आहे गं?"

उजवीकडून दादा. डावीकडून... भलताच कुणीतरी. हाड रुंद, वर चढलेलं.

सर्जनबाई पुन्हा ऑपरेशन करायला तयार होत्या, पण डोळ्याला धोका होता. आणि दादाच नको म्हणाला.

"राहू दे. त्याच्या घरचं कुणी भेटलं, तर ओळखेल तरी."

मी त्याच्यावर ओरडले. आपण काय बोलतोय हे त्याला कळत तरी होतं का!

परवा आम्ही औषधांच्या दुकानात उभे होतो. दादाच्या डाव्या बाजूला एक म्हातारी येऊन उभी राहिली. तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"अरे... इतके दिवस कुठे होतास?"

दादा बोलायला वळला. मी त्याचा दंड धरला आणि त्याला खेचत घरी आणलं. तिला एक अक्षर सांगितलं नाही. काय सांगणार होते मी?

आमचा पत्ता तिला कुणी दिला, देव जाणे. पण आज दुपारपासून ती समोरच्या पायरीवर बसून आहे...

आणि दादा चपला घालतोय.