रिकाम्या खोलीचे हजार फोटो

हसू नका रे. तळघरातल्या त्या खोलीत रात्री एकट्यानं काम करायचं नाही, हा नियम मी उगाच लावलेला नाही. तीस वर्षं या विभागाची यंत्रं दुरुस्त करतोय, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. जिच्या बाबतीत हे घडलं तिनं दुसऱ्याच दिवशी सकाळी मला सगळं सांगितलं, या इथं स्टुलावर बसून.

अकरा मार्च, मंगळवार. रात्री पावणेबाराला ती पीएचडीची पोरगी तळघरात उतरली ती अगदी साध्या कामासाठी. संशोधनाचा पेपर पाठवायची मुदत पहाटे पाचची होती आणि रिकाम्या खोलीचे फोटो तेवढे राहिले होते.

तुम्ही नवीन आहात, म्हणून सांगतो. कोपऱ्यापलीकडे बसलेला माणूस कॅमेऱ्याला दिसत नाही. पण त्याच्या अंगावरून परतलेला उजेड समोरच्या भिंतीवर पडतो. इतका फिका, की आपल्या डोळ्यांना काही कळायचं नाही. हे लोक त्या भिंतीचे हजार फोटो काढतात, कॉम्प्युटर सगळ्यांची गोळाबेरीज करतो आणि पलीकडचा माणूस पडद्यावर येतो. हलणारं सगळं त्यात पुसलं जातं. स्थिर असेल तेच उरतं. खोली रिकामी असली की चित्र काळं यायला हवं.

ही सगळी जुळणी तिच्या आधीच्या एका पोरानं उभी केलेली. ती त्याला दादा म्हणायची. सहा वर्षं खपला बिचारा. दोघांचे गाईड असलेले सर दर वेळी म्हणायचे, "अजून एक रिझल्ट आण, मग प्रबंधावर सही करतो." अजून एक, अजून एक... जानेवारीत एका सकाळी तो त्याच खोलीत टेबलावर डोकं टेकलेला सापडला. हृदय बंद पडलं होतं. मी उचललाय त्याला. वजनच नव्हतं पोरात. त्याच्या आईला फोनही मीच केला, कारण सरांना म्हणे मीटिंग होती!

आणि महिन्याभरात हा माणूस पोरीला सांगतो, "पेपरवरून त्याचं नाव काढ. गेलेल्याला काय उपयोग? तुझं पहिलं येईल." तिच्याही प्रबंधावर सही याचीच व्हायची होती. चार वर्षं पाण्यात घालायची? तिनं नाव काढलं. मला सांगताना रडत नव्हती, दातओठ खात होती. सरांवर, आणि त्याहून जास्त स्वतःवर.

तर त्या रात्री तिनं खोली तपासली, दार लावलं आणि बाहेर कॉम्प्युटरपाशी बसली. वीस मिनिटांनी चित्र आलं.

काळं नव्हतं. खुर्चीवर कुणीतरी होतं.

तिला वाटलं, जुन्या फायली मिसळल्या. सगळं पुसलं, आत जाऊन खुर्चीवरून हात फिरवून आली. रिकामी. पुन्हा हजार फोटो. पुन्हा वीस मिनिटं.

या वेळी स्पष्ट होतं. डावा हात टेबलावर. त्यावर डोकं.

वीस मिनिटं इतकं स्थिर कोण बसेल? श्वास घेणारं माणूस तर नाहीच.

एक वाजता तिनं सरांना फोन लावला.

"डाग असेल. हातानं पुसून टाक."

"सर... दादा आहे तो."



"पुसून टाक म्हणतोय ना! की डिग्री नकोय?"

तेव्हा तिचं डोकं फिरलं. "नाही पुसणार," ती ओरडली, "एकदा पुसलंय मी त्याला. काय करायचंय ते करा!"

दोन वाजता सर हजर. लाल झालेले. "भूत दाखवतेस होय मला? मी बसतो आत, त्याच खुर्चीवर. जराही हलणार नाही. चित्रात मी दिसलो, की नाक घासून माफी मागायची आणि तुझं सामान उचलायचं!" असं म्हणून आत गेले आणि दार आपटलं.

कॅमेरा चालू झाला. तिनं पेपर उघडला. दादाचं नाव पुन्हा लिहिलं. सगळ्यात पहिलं. मग वाट बघत बसली.

आतून आवाज नाही...

चित्र हळूहळू उमटलं. त्याच वेळी दार उघडून सर बाहेर आले. धडधाकट. "जरासुद्धा हललो नाही," म्हणाले, आणि पडद्याकडे वळले.

खुर्चीवर दादा. डोकं आता टेबलावर नव्हतं. वर होतं. दाराकडे बघत होतं.

दुसरं कुणीच नाही.

"मी...?" सर म्हणाले. "मी कुठाय यात?"

पडद्यावर बोट फिरवून ते स्वतःला शोधत राहिले.

"त्याचं नाव घाल."

"घातलंय."

तो पेपर निवडला गेला. पोरीला डिग्री मिळाली, ती विभाग सोडून गेली. सर मात्र दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखे, तोच रुबाब. सुटला हलकट, असं वाटून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

जूनमध्ये विभागाचा फोटो निघाला. सर पुढच्या रांगेत मधोमध बसले होते. मी त्यांच्या मागं उभा, माझा हात त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर. फोटोवाल्यानं तीन फोटो काढले, तिन्ही सारखेच आले. त्यातला एक वरच्या मजल्यावर लावलाय, उद्या उजेडात जाऊन बघा. सगळे आहेत. माझा हातही आहे. मधली खुर्ची मोकळी आहे... आणि तिची गादी खोल दबलेली आहे.