तेरा नंबरचा पाना

"त्या वळणावर तिसरा गिअर नाही चालायचा. दुसरा टाका."

मी दचकून डोळे उघडले. शिवडीला एका भंगारवाल्याच्या दुकानाबाहेर, फुटपाथवर ठेवलेल्या जुन्या मोटारीच्या सीटवर मी बसले होते. हात हवेत, स्टिअरिंग धरल्यासारखे. पाय पुढे, नसलेल्या ब्रेकवर. आणि समोर एक मुलगा उभा होता. खांद्यावर वायरचं वेटोळं, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत हसू... दाबून ठेवलेलं.

"तुम्हाला काय माहीत मी कुठल्या वळणावर आहे?"

"तोंडाने आवाज काढत होता ना तुम्ही. घूंऽऽ करून. त्यावरून कळलं, वेग जास्त आहे."

मेले! मी आवाज काढत होते? भर रस्त्यात?

"आणि ही सीट घेऊ नका," तो खाली वाकून म्हणाला. "खालचे रूळ गंजलेत. ती निळी बघा."

झालं. इथे माझ्या डोक्यातला दिवा पेटला. याला काय पडलंय मी कुठली सीट घेते त्याचं? हीच सीट याला हवी असणार. नाहीतर भंगारवाल्याशी याची भागीदारी असणार.

आता सांगूनच टाकते, मी संशयी आहे. हौस म्हणून नाही, पोटापाण्यासाठी. दादरच्या एका ऑफिसात मी मोटार विम्याचे दावे तपासते. गाडी झाडावर आपटली की झाड गाडीवर आणून ठेवलं, हे फोटो बघून ओळखायचं, हे माझं काम. त्यात गेल्या वर्षी मी ऑनलाइन एक सेकंडहँड रेसिंग स्टिअरिंग मागवलं, तर खोक्यातून निघाली बाथरूमची फरशी. तेव्हापासून तर मी भाजीवाल्याच्या काट्याखालीही वाकून बघते.

पण शर्यतीचं वेड काही गेलं नाही. खरी गाडी घेणं आणि ती परळमध्ये लावणं, दोन्ही आमच्या ऐपतीबाहेरचं. म्हणून कॉम्प्युटरवरच्या शर्यतींसाठी घरातच कॉकपिट करायचं ठरवलं. सीट, स्टिअरिंग, पेडल आणि समोर स्क्रीन. तयार कॉकपिटची किंमत ऐकून आई म्हणाली होती, "एवढ्यात खरी स्कूटर येते गं, आणि तिच्यावरून मंडईत तरी जाता येतं." तेव्हा जमेल तसं, तुकड्यातुकड्यांनी. दुसरं स्टिअरिंग मी विकणाऱ्याच्या घरी जाऊन, स्वतः फिरवून आणलं होतं. आता सीट आणि सांगाडा हवा होता.

"सांगाडा मी देतो," तो म्हणाला. त्याचं नाव हितेंद्र. लालबागला गणपतीच्या देखाव्यातली हलती चित्रं बनवायचा. मान हलवणारे हत्ती, गदा फिरवणारे भीम. "आमचा यंदाचा राक्षस परवाच मोडला. चौकोनी पाइप आहेत, एक नंबर. तुमच्या मापाने कापून देतो."

"घेणार किती?"

"पाइपचे भंगाराच्या भावाने. आणि मजुरी म्हणजे... झाल्यावर एकदा मला चालवायला द्यायचं."

एवढं स्वस्त? म्हणजे नक्की काहीतरी गोम होती. मी त्याच्या वर्कशॉपचा पत्ता घेतला, तिथे जाऊन भिंतीवरच्या गुमास्ता लायसनचा त्याच्या नकळत फोटो काढला, आणि मगच हो म्हटलं. सीट मात्र निळीच घेतली. तिचे रूळ खरंच चांगले होते, याचाही मला थोडा रागच आला.

भोईवाड्यात आमच्या दारात तो पाइपची मोळी घेऊन उभा राहिला, तेव्हा परतीच्या पावसाची एक सर नुकती येऊन गेली होती. त्याच्या पापण्यांवर पाणी होतं. ते मी पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं केलं.

"जय भीम," पप्पा म्हणाले.

"जय भीम, काका." अगदी सहज. मी तेही तपासून पाहिलं. उगाच गोड बोलतोय का? काही सापडलं नाही.

पप्पा परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. तेव्हापासून गॅलरीतल्या खुर्चीत बसून एकच पेपर दिवसभर वाचायचे. पण त्या दिवशी पाइप बघितले आणि चष्मा पुसून जवळ आले. "वेल्डिंग कुणी केलंय? तू? बरंय. पण इथे बोल्ट टाक, उद्या सोडवायचं झालं तर?" मग काय! दोघंही जमिनीवर मांडी घालून बसले. स्प्रिंग वॉशर, आटे, कानशी... आईने तीनदा चहा केला आणि कुणालाच तो गरम मिळाला नाही.

संध्याकाळी माझं सिंहासन तयार झालं.

"बसा. ब्रेक दाबा," हितेंद्र म्हणाला. "गुडघा सरळ होतोय का?"

"होतोय."

"मग सीट पुढे घ्यायची. थोडा वाकलेला पाहिजे."

"तुम्हाला सगळंच वाकडं आवडतं का?"

"सगळं नाही," तो सीटखाली वाकला होता, म्हणून चेहरा दिसला नाही. "आणि तुम्ही-तुम्ही नको करू गं. मी राक्षस हलवतो, साहेब नाही."

जाताना तेरा नंबरचा पाना त्याने पप्पांच्या हातात दिला. "राहू दे काका तुमच्याकडे. सगळे नट याच मापाचे आहेत."

पाना ठेवून गेला? म्हणजे परत यायचा बेत आहे. मी मनातल्या मनात नोंद केली... आणि का कोण जाणे, त्या नोंदीवर रागावले नाही.

पुढच्याच आठवड्यात सीट डुगडुगायला लागली. मी फोन केला. तो रविवारी आला, खाली बघितलं आणि कान खाजवत म्हणाला, "सॉरी, हा घट्ट करायचा राहिला वाटतं." मग सगळे नट एकेक करून आवळले आणि मला म्हणाला, "नेलपॉलिश आहे?"

"कशाला?"

"लावायला."

"तुला?"

"नटाला!" तो हसला. मग माझ्या लाल नेलपॉलिशच्या ब्रशने त्याने प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत एक बारीक रेघ ओढली. हात असा हलका, की मी श्वास धरून बघत राहिले. "ही रेघ तुटली की समजायचं नट फिरला. नाहीतर नाही. तुला पुरावा लागतो ना प्रत्येक गोष्टीचा?"

"आम्ही वर्कशॉपात पिवळा रंग लावायचो," पप्पा खुशीत म्हणाले.

मग आठ-दहा दिवसांनी पेडलच्या पट्टीवरची रेघ तुटली.

तो पुन्हा आला. पुन्हा पप्पांबरोबर गप्पा, पुन्हा आईचा चहा. समोरच्या बकुळामावशी गॅलरीतून विचारून गेल्या, "मित्रे, या गाडीला काय दर रविवारी सर्व्हिसिंग लागतं का गं?" मी लाजले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी नवा कुर्ता घातला होता. पण विम्याचं डोकं स्वस्थ बसेना. स्प्रिंग वॉशर घातलेला नट आपोआप फिरतो? घरात एवढा कोण नाचतो?

"हितेंद्र, एक विचारू? बोल्टला लावतात तो नट, आणि सिनेमात काम करतो तो नट... तू कुठल्या नटातला?"

"मी?" तो माझ्याकडे बघत राहिला. एक क्षण जरा जास्तच. "मी तर वॉशर. दोघांच्या मध्ये पिळून निघतो."

हसले मी. पण संशय एकदा शिरला की शिरला.

आणि मग ती पात्रता फेरी आली. ऑनलाइन लीगमध्ये यायचं तर त्या शनिवारी दिलेल्या वेळात लॅप पूर्ण करायची होती. मी महिनाभर त्यासाठी घाम गाळला होता. शेवटचं वळण. पुढे फक्त सरळ रस्ता. मी सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला... आणि पेडलची अख्खी पट्टी पुढे सरकली. गाडी भिंतीवर. संपलं.

खाली वाकून पाहिलं. लाल रेघ मधोमध तुटलेली.

मी रडले नाही. मी हिशेब जुळवला. मागच्या रविवारी मी फरसाण आणायला खाली गेले, तेव्हा इथे कोण बसलं होतं? नट सैल झाला की कोणाला बोलावणं जातं? सगळे धागे एकाच माणसापाशी येत होते. विम्याच्या भाषेत सांगायचं तर, आग लावणाराच पाण्याची बादली घेऊन धावत येत होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो आला तेव्हा मी दारातच विचारलं, "तू सैल करतोस ना नट? इथे येता यावं म्हणून?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "काय बोलतेस तू?"

"माझी फेरी गेली हितेंद्र. एका नटापायी. तुला यायचं होतं तर सरळ सांगायचं ना! मला फसवायचं कशाला?"

"मी... तुझी फेरी घालवीन? असं वाटतं तुला?"

"पुरावा तसं सांगतो."

आत पप्पा काहीतरी बोलायला उठले, पण तेवढ्यात तो चप्पल घालून जिना उतरलाही. मला वाटलं होतं, खरं बाहेर काढलं की बरं वाटेल. ऑफिसात वाटतं तसं. पण आईने केलेले पोहेही उतरेनात.

मी नट स्वतः आवळला. पुसून, जांभळ्या नेलपॉलिशची नवी रेघ ओढली. कोणाला सांगितलं नाही. आता तो यायचाच नाही, म्हणजे रेघ तुटायचीही नाही. माझंच खरं होतं हे मला बघायचं होतं. खरं तर... नसावं असंही वाटत होतं.

तो आला नाही. फोनही नाही. आणि पुढच्या शुक्रवारी ऑफिसातून येऊन पाहते तर जांभळी रेघ तुटलेली!

मी तशीच जमिनीवर बसले. हितेंद्र नाही. मग कोण? उठून पप्पांच्या हत्यारांची पेटी उघडली. तेरा नंबरचा पाना वरच होता. त्याच्या जबड्यात जांभळ्या रंगाचा एक पापुद्रा अडकला होता.

"पप्पा?"

पप्पांनी पेपर खाली घेतला. पान्याकडे बघितलं. वर्कशॉपमधल्या पोरांना दम देणारा माझा बाप, पण नजर चोरायला लागला.

"थोडासाच फिरवला होता गं... मला काय ठाऊक, त्याच दिवशी तुझी परीक्षा ती." मग हळूच म्हणाले, "तो पहिल्यांदा आला ना, नट सैल म्हणून, तेव्हा डोक्यात आलं. तो आला की चार गोष्टी बोलतो. वॉशरच्या, आट्यांच्या. आता माझ्याशी कोण बोलतं असलं? तू कानाला ते हेडफोन लावून बसतेस. आईला पान्यातलं काय कळतं?"

"सगळं कळतं," आई आतून म्हणाली. "दुपारी खुडखुड ऐकू येते मला. मी म्हटलं, बाप-लेकीचं काहीतरी चाललंय."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत, पप्पा?"

"उठलो होतो. पण जीभच उचलली नाही." त्यांचे डोळे भरून आले. "या खेपेला वाटलं, तू बोलावशील त्याला. मग मीच सांगेन."

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांना मिठी मारावीशी वाटली. मी दोन्ही केलं. मग सगळे नट तपासून आवळले, पाना पर्समध्ये टाकला आणि लालबागला निघाले.

तो एका हत्तीच्या पोटात होता. अर्धा आत, अर्धा बाहेर. हत्तीचा एक कान हलत होता, दुसरा अडला होता.

"हितेंद्र."

कान हलायचा थांबला. तो बाहेर आला, हात पुसत.

"पप्पा करत होते. तू येऊन गप्पा माराव्यात म्हणून." मी पाना पुढे केला. "मी चुकले. मला सगळ्यात खोटंच शोधायची सवय लागलीय. तू गेलास तेव्हा कळलं की... मला ते खोटं असायला नको होतं. तू आवडतोस मला. आता घे हा पाना आणि काय बोलायचं ते बोल."

त्याने कान खाजवला. अगदी तसाच, त्या पहिल्या रविवारी खाजवला होता तसा.

"पेडलचा नट मी नाही फिरवला. बाबांची शपथ."

"माहीत आहे आता."

"पण ती सीट... पहिल्या वेळची..." त्याचे कान लाल झाले. "तो नट मी घट्टच केला नव्हता."

"म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम. हाताने फिरवून सोडला. म्हटलं, हलेल, मग तू फोन करशील."

"मला माहीत होतं!" मी ओरडलेच. बाजूचा पेंटर ब्रश घेऊन वळला. "पहिल्या दिवसापासून मला संशय होता!"

"रागावलीस?"

मला इतका आनंद झाला होता की रागावायचं कसं तेच आठवेना. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं होतं, की कुणीतरी मला फसवलं आणि ते मला आधीच कळलेलंही होतं! पप्पांना ही कल्पना कुणी दिली, तेही आता उघडच होतं.

"पप्पा वाट बघतायत," मी म्हणाले. "रविवारी ये."

"काय सैल झालंय?" त्याने माझ्या हातातला पाना घेतला.

मी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि परत पर्समध्ये टाकला.

"काही नाही. सगळे नट घट्ट आहेत, मी स्वतः बघितलेत," मी म्हणाले. "तरी ये."