निम्म्या किमतीची गाडी

"गाडी भंगारात निघाली, हे विमा कंपनीले मान्य आहे," अल्का रामटेके म्हणाली. "पण पैसे देऊन राहिले निम्मे. काऊन, तर म्हणे गाडी अपघाताआधीच पुरात बुडाली होती, अन् मी ते लपवलं."

फुलचूरच्या छोट्या ऑफिसात दामिनी बिसेन खासगी तपासाची कामं घेत असे. सोबतीला तिचे मामा, केशोराव. निवृत्त तलाठी, निष्कर्ष काढण्याची भारी घाई.

अल्का बायकांना गाडी चालवायला शिकवायची. त्यासाठीच तिनं ही जुनी गाडी विकत घेतली होती. पोळ्याच्या आधी एका ट्रकनं तिला समोरून ठोकलं. ती वाचली, गाडी गेली.

"निम्मे तर निम्मे, घेऊन टाका," केशोराव म्हणाले. "कंपनीशी कोण भांडते?"

"मी! बुडालेल्या गाडीत बायकायले बसवत होती म्हणतील. कोण येईल मग शिकायले?"

कंपनीच्या वतीनं नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरनं काढलेले फोटो तिनं टेबलावर ठेवले. सीटवर आणि दारावर गाळाची रेघ. स्टिअरिंगमधून बाहेर आलेली एअरबॅग लोंबत होती. तिची खालची कड मातकट.

"हिच्यानंच जीव वाचला," अल्का म्हणाली.

केशोराव भाचीच्या कानाशी लागले. "रेघ तर साफ दिसून राहिली. जुन्या मालकानंच फसवलं हिला."

जुना मालक गुलाब पटले आमगावात भेटला. प्रश्न ऐकताच उसळला. "बुडाली असती तर मीच नसते का घेतले विम्याचे पैसे? विकली कायले असती?"

कुडव्याचा मेकॅनिक मुन्ना शांत होता. "मॅडम, हर सर्व्हिसिंगला मी सीट काढतो. गाळ कभी दिसला नाही."

"हा तिचाच माणूस," बाहेर आल्यावर केशोराव म्हणाले.

"असू शकतो," दामिनी म्हणाली. "म्हणून त्याच्या शब्दावर थांबायचं नाही."

अपघातानंतर गाडी उचलून थेट कंपनीच्या यार्डात नेली होती. यार्डाच्या मागे बोडी, म्हणजे शेताला पाणी देणारं लहान तळं. राखणदार भैयाजी फाटकातच आडवा आला.

"पोळ्याच्या पावसात इथं पाणी शिरलं होतं?" दामिनीनं विचारलं.

"एक थेंब नाही."

तिनं खाली पाहिलं. "मुरूम नवा दिसतो."

"गाड्या फसत होत्या चिखलात. म्हणून टाकला."

"सर्व्हेअर कधी आले?"

"पोळा झाल्यावर."

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीच्या ऑफिसात अधिकाऱ्यांपुढं सगळे जमले, भैयाजीसुद्धा. सर्व्हेअर खुर्चीत रेलून बसला होता. "मॅडम, गाळाची रेघ खोटं बोलत नाही."

"नाहीच बोलत. तुम्ही ती अर्धीच वाचली. एअरबॅग कधी उघडते?"

"धडक बसल्यावर."

"त्याआधी कुठं असते?"

"स्टिअरिंगच्या आत, घडी घालून."

"मग गाळ हिच्या कडेला कसा लागला?"

सर्व्हेअर सरळ बसला.

"पूर आधी आला असता तर बॅग कोरी निघाली असती," दामिनी म्हणाली. "तिच्यावर गाळ आहे, म्हणजे पाणी धडकेनंतर शिरलं. आणि धडकेनंतर गाडी फक्त यार्डातच होती. मागे बोडी, जमिनीवर नवा मुरूम. भैयाजी, थेंबही आला नाही म्हणता, मग गाड्या फसतील इतका चिखल कुठून आला?"

भैयाजीची मान खाली गेली. "बोडीची पाळ फुटली, म्याडम. भरपाई माझ्याच अंगावर आली असती. साहेबायनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

अधिकारी घसा खाकरून म्हणाले, "ठीक आहे. विम्यात ठरलेली पूर्ण रक्कम देऊ. विषय संपला."

"नाही संपला," अल्का म्हणाली. "मी लपवलं असं कागदावर लिहिलं ना? आता लिहा, की नाही लपवलं."

"ताई, तशी पद्धत नाही आमच्याकडं."

"खोटी ठरवायची पद्धत होती?"

केशोरावांनी एक खुर्ची ओढून अल्कापुढं ठेवली, दुसरी स्वतःसाठी घेतली. "बस पोरी. लिहून होतवर मी बी इथंच आहो."

अधिकाऱ्यांनी दोघांकडं पाहिलं. मग नाइलाजानं कीबोर्ड पुढं घेतला. "पूर्ण नाव सांगा."

"अल्का रत्नपाल रामटेके," ती म्हणाली. "अन् तारीख आजचीच टाका."